मदत हवी आहे: माळरानावर जेसीबी लागायच्या आत काय करता येईल?

नमस्कार मंडळी,

सोलापूर जिल्ह्यातलं आमचं गाव, पाऊस पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, तोही पडला तर. गावाच्या उत्तरेला मोठं माळरान आहे. बराचसा भाग सातबाऱ्यावर गायरान, पलीकडची पट्टी वनखात्याची. आता एक कंपनी सीएसआरच्या (सामाजिक कामासाठी राखलेल्या) पैशातून गायरानावर झाडं लावून देणार आहे. गिरिपुष्प, सुबाभूळ, करंज, शिवाय वड-पिंपळाची मोठी रोपं. चर, ठिबक, तारेचं कुंपण, फलक, सगळा खर्च त्यांचा. सरपंच खूश, पोरं खूश. येत्या ग्रामसभेत ठराव येतोय आणि उन्हाळ्यातच खोदाई सुरू.

झाडांशी माझं वैर नाही. ओढ्याकाठी, शाळेभोवती, बांधावर खुशाल लावा. पण या माळावर कुदळ मारली की चार बोटांखाली मुरूम लागतो. पवना, मारवेल, शेडा, कुसळी या गवतांचं सगळं बस्तान त्या चार बोटांत आहे. चर खणला की ती माती खाली जाते, मुरूम वर येतो आणि मग त्यावर उगवतं ते गाजर गवत नाहीतर तरवड. बरं, झाडं जगलीच तर हे गवत सावलीत टिकत नाही, त्याला भरपूर ऊन लागतं.

जनावरांचं म्हणाल तर लांडगा आहे, खोकड आहे. हिवाळ्यात भोवत्या (हॅरियर) हे शिकारी पक्षी येतात, ते रात्री झाडावर नाही, गवतातच भुईवर बसतात. पावसाळ्यात एका मेंढपाळ मामांनी मला चंडोलाचं घरटं दाखवलं. जनावराच्या खुराने पडलेल्या खळग्यात, गवताच्या ठोंबाला टेकून, वाटीएवढं. मामांनी बोट दाखवलं तरी मला आधी दिसेना.

अडचण अशी की 'गवत वाचवा' म्हटलं की सभेत हशा पिकतो. झाडाला नको म्हणणारा माणूस येडाच ठरतो. सरकारी पडीक जमिनींच्या नकाशातही असे माळ पडीकच धरलेले, त्यामुळे समोरच्याकडे कागद असतो आणि आपल्याकडे नुसती तळमळ. दरवर्षी इथे कळप घेऊन उतरणारे भटके मेंढपाळ ग्रामसभेत बोलायला कुठले येणार?

तर कायद्याने काही आडकाठी घालता येते का, आणि त्याच पैशात गावाला दुसरं काय सुचवावं? 'नको' एवढंच घेऊन सभेत गेलो तर हरणार हे नक्की.

---

तलाठी_निवृत्त:
आधी सातबारा आणि फेरफार काढा. जमीन खरोखर गुरचरणासाठी राखलेली असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम २२ वाचा. अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. समोरचे म्हणतील, झाडं लावणं म्हणजे वापर बदलणं नव्हे. तेव्हा कुंपणावर बोट ठेवा. चराई बंद झाली तर राखीव ठेवण्याचा हेतूच गेला. तहसीलदारांकडे लेखी द्या, पोच घ्या. तोंडी बोलण्याला दफ्तरात किंमत नाही.

वनपट्टीसाठी २००६ चा वनहक्क कायदा आहे. त्याच्या कलम ३ मध्ये चराई आणि भटक्या पशुपालकांचा हंगामी वापर दोन्ही येतात. पण बिगर-आदिवासींना १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. काम चिकट आहे. दावा जरूर करा, पण या उन्हाळ्यात त्याचा उपयोग धरू नका.

रोखठोक:
माझं मत उलट आहे. तुम्ही म्हणता ते गवत आहे कुठे? आमच्याकडचे माळ मेंढरांनी पार खरवडलेत. बोडक्या जमिनीवर चार झाडं आली तर बिघडलं काय?

धागाकर्ता:
प्रश्न रास्त आहे. आमचा माळही बराच चरला गेलाय. पण पाझर तलावाच्या कुंपणाच्या आत गवत मांडीला लागतं, बाहेर घोट्यालाही नाही. माती तीच, पाऊस तोच. म्हणजे माळ मेलेला नाही, त्याला उसंत मिळत नाही.

गवत्या:
धागाकर्ते, ही जागा सभेच्या आदल्या दिवशी सरपंचांना आणि चार शेतकऱ्यांना नेऊन दाखवा. भाषणापेक्षा ती जास्त बोलेल. आणि 'झाडं नकोत' असं तोंडातून काढूच नका, 'आधी चारा' म्हणा. दूधवाले तुमच्या बाजूला येतील.

माळाचे तीन-चार भाग पाडा. दरवर्षी एक भाग पहिल्या पावसापासून दिवाळीपर्यंत बंद, बाकीच्यांत चराई चालू, पुढच्या वर्षी पाळी बदलायची. कोणता भाग कधी बंद हे मेंढपाळांना विचारून ठरवा, नाहीतर महिन्यात तारा तुटतील. बंद भागात बी झडल्यावरच विळ्याने कापणी, बुडखा मूठभर उंच ठेवून. उघड्या पडलेल्या जागांसाठी थोडं बी आधीच हाताने ओरबाडून घ्या आणि कोरड्या जागी ठेवा. पुढच्या पावसाच्या तोंडावर नुसतं फेकायचं, नांगरट अजिबात नाही. कुसळीच्या बियांना पीळ असलेलं लांब कुसळ असतं. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि असं फिरत बी स्वतःच मातीत घुसतं. त्याला तुमच्या जेसीबीची गरज नाही!

सीएसआरवाल्यांना पैसा यातच लावायला सांगा. राखणदाराचा पगार, कापणीची मजुरी, वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा (गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा), माळावर फोफावणारी परदेशी वेडी बाभूळ मुळासकट काढणं. मेळघाटात पुनर्वसित गावांच्या जागांवर कुरणं तयार केली आहेत, म्हणजे हे काही हवेतलं नाही. त्यांना फलक हवा असतो, तो 'चारा कुरण' म्हणूनही लागतो.

टिटवी:
जैवविविधता कायदा २००२ नुसार गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिची लोकजैवविविधता नोंदवहीही, म्हणजे गावातल्या झाडं-गवत-प्राण्यांची नोंद. त्यात माळाचा उल्लेख आहे का बघा. नसेल तर मेंढपाळांना बसवून भर घाला, ठरावाच्या वेळी तोच कागद पुढे करता येतो. लांडगा वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे, फोटो आणि तारखांसकट नोंदी ठेवा. मात्र गुहेची किंवा घरट्याची नेमकी जागा इथे कुठेही टाकू नका. आणि पोरांना सांगा, पुणे जिल्ह्यात कडबनवाडी आणि शिर्सुफळला माळरान सफारी सुरू झाली आहे. लोक मुद्दाम लांडगे बघायला जातात म्हटल्यावर कान टवकारतील.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. तहसीलदारांच्या अर्जाचा मसुदा रात्री टाकतो, तलाठीकाका, नजर घाला. नोंदवहीची चौकशी केली, कपाटात आहे पण किल्ली ग्रामसेवकांकडे आणि ते रजेवर. गवत्याभाऊ, राखणदार आणि कापणीचं अंदाजपत्रक कधी केलं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. कंपनीच्या माणसासमोर आकडे लागतील.