दूध आहे पण डेअरीची गाडी वस्तीवर येत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी भूम तालुक्यातला, जि. धाराशिव. घरी ३ एचएफ (होल्स्टीन जातीच्या) गाया, दोन्ही टायमाचं मिळून ३० लिटर दूध निघतं. आमच्याकडं बालाघाटाच्या डोंगरात वस्त्या लांब लांब, त्यामुळं दूध खवा भट्टीला घालायची जुनी पद्धत, कुंथलगिरीचा पेढा खाल्ला असेल तर तो ह्याच पट्ट्यातला.

अडचण अशी की भट्टीवर लिटरला २६ रुपये मिळतात आणि ६ किलोमीटरवरच्या डेअरीच्या दूध केंद्रावर ३.५ फॅट ८.५ एसएनएफला (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ३२. म्हणून उन्हाळ्यात दूध कॅनमध्ये भरून स्वतःच्या गाडीवर तिकडं न्यायला लागलो, पण केंद्र फक्त सकाळी चालू. संध्याकाळच्या धारेचं काय करायचं? आई कॅनला ओलं पोतं गुंडाळून रात्रभर हौदात ठेवायची, तरी मे महिन्यात दोनदा दूध नासलं म्हणून परत पाठवलं. उकिरड्यावर ओतलं तेव्हा आई दिवसभर कुणाशी बोलली नाही.

भट्टीवाला माणूस वाईट नाही, दूध कधी नाकारत नाही, पेंडीला उचल देतो, पण उचल अंगावर असली की दुसरीकडं दूध घालता येत नाही. आणि २०२४ ला सरकारनं लिटरला ५ रुपये अनुदान दिलं ते दूध संघाला नाहीतर खाजगी डेअरीला घालणाऱ्यांना, आमच्या गायांच्या कानात सरकारी नोंदणीचा टॅग असून वस्तीवर एकालाही मिळालं नाही.

दाजी कोल्हापूरकडचे, तिथं गावातच दूध सोसायटी, दोन्ही वेळ दूध घेतात, दोन म्हशींवाला पण निर्धास्त असतो. आमची ९ घरं मिळून २५० लिटर होईल. एवढ्यावर कुठली डेअरी गाडी लावते का? का ५०० लिटरचा बल्क कूलर (दूध थंड ठेवायची टाकी) बसवावा? तो डेअरी देते का आपण घ्यायचा, आणि लाईट गेल्यावर जनरेटरचं डिझेल लिटरमागं कितीला पडतं? ज्यांनी स्वतः चालवलाय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

बायको म्हणते आपलीच भट्टी टाकू, पण ५ लिटरला जेमतेम किलोभर खवा पडतो, वर सरपण आणि दिवसभर धुरात तिनंच बसायचं, मला ते पटत नाही.

एका गाभण गायीला गिऱ्हाईक आलंय, रविवारपर्यंत हो-नाही कळवायचंय.