मागचा प्लॉट: बाग आधी की माती आधी?

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. मागच्या बंद प्लेटिंग (धातूवर मुलामा चढवणाऱ्या) कारखान्याच्या प्लॉटवर बागेचं आरक्षण आहेच. मालक आता जागा महापालिकेला द्यायला तयार झालाय. आपल्या मागणीचं पत्र वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवलंय, उद्या संध्याकाळपर्यंत सह्या कराव्यात.

मेधा (बी-१०२): मी केली. घसरगुंडी आणि ज्येष्ठांसाठी बाकं, दोन्ही लिहा.

प्रसाद (सी-४०१): ओपन जिम पण टाका की!

अण्णा (ए-२०१): मी सही करणार नाही.

प्रसाद (सी-४०१): आता काय झालं अण्णा?

अण्णा (ए-२०१): ए विंगच्या मागे जाऊन कंपाऊंडची भिंत बघून ये. खालचा हातभर गिलावा सुटलाय. पाऊस झाला की तळाशी पिवळे ओघळ येतात आणि वाळले की पापुद्रा धरतात. सांगलीत पिवळं दिसलं म्हणजे हळदच असं नसतं बाबा. माझं आयुष्य कुपवाड एमआयडीसीत गेलंय. प्लेटिंगच्या टाकीतलं क्रोमिक ॲसिड जमिनीत मुरलं की हा रंग येतो. आपल्या बोअरचं पाणी पांढऱ्या बादलीत घेऊन उन्हात धरा, त्यातही तीच झाक आहे.

मेधा (बी-१०२): अहो, ते पाणी आपण कुंड्यांना घालतो!

अण्णा (ए-२०१): पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्रोमियम नको, असं भारतीय मानक सांगतं. रंग डोळ्याला दिसेपर्यंत ते प्रमाण कितीतरी पुढे गेलेलं असतं. आपल्या पाण्यात क्रोमियमच आहे असं मी छातीठोक म्हणत नाही. तपासा म्हणतोय.

प्रसाद (सी-४०१): महापालिका वरून दोन फूट लाल माती टाकेल, लॉन लावेल. मिटला विषय.

अण्णा (ए-२०१): मिटत नाही, झाकला जातो. खालचं पाणी थोडंच थांबणार आहे? आणि एक सांग, हा मालक इतकी वर्षं गप्प होता, आत्ताच एवढा दिलदार कसा झाला? आरक्षणाची जागा दिली की टीडीआर मिळतो, म्हणजे दुसरीकडे जादा बांधकाम करायचा हक्क. तो विकून गडी मोकळा. जमीन खालच्या घाणीसकट महापालिकेची, म्हणजे आपली. मग उद्या सफाईचा खर्च कुणाच्या घरपट्टीतून निघणार?

सेक्रेटरी: टीडीआरचं डोक्यातच आलं नाही माझ्या.

वॉचमन केबिन: एमएच १० पांढरी गाडी गेटसमोर लावलीय, टँकर आत येईना. कुणाची आहे?

प्रसाद (सी-४०१): आलो काढायला. पण अण्णा, केंद्राचे पैसे असतात की. कचरा डेपोंना मिळतात ना?

ॲड. रोहिणी (सी-२०३): ते खातं वेगळं. स्वच्छ भारत २.० मध्ये जुन्या कचऱ्याचे ढीग चाळून जागा मोकळी करायला पैसे आहेत. १ ते १० लाख वस्तीच्या शहराला केंद्राचा वाटा ३३ टक्के, आपण त्यातच येतो. इंदूरने देवगुराडियाची १०० एकर जागा अशीच मोकळी केली. पण मातीत मुरलेलं क्रोमियम चाळणीत अडकत नाही. ते रसायन घालून निष्क्रिय करावं लागतं, नाहीतर माती उकरून घातक कचऱ्याच्या केंद्रात न्यावी लागते. आपल्या बाजूचं ते केंद्र रांजणगावला आहे. खर्चाचा अंदाज तुम्हीच करा.

ॲड. रोहिणी (सी-२०३): अशा जागांसाठी जुलै २०२५ मध्ये केंद्राने स्वतंत्र नियम काढलेत. लोकांची तक्रार आली की महापालिका किंवा जिल्हा प्रशासनाने जागा संशयित म्हणून नोंदवायची आणि प्रदूषण मंडळाला कळवायचं. मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, गरज असेल तर पुढे सविस्तर. ज्याने घाण केली त्याने पैसे भरायचे. तो सापडतच नसेल किंवा त्याची ऐपतच नसेल, तरच केंद्र आणि राज्य खर्च उचलणार. आपला मालक तर सापडलेला आहे, धडधाकट आहे. म्हणून जागा ताब्यात घ्यायच्या आधी तक्रार नोंदवली पाहिजे.

अण्णा (ए-२०१): बरोबर बोललीस पोरी. तमिळनाडूत राणीपेटला बघा. क्रोमेटचा कारखाना १९९० च्या दशकात बंद पडला आणि दोन लाख टनांहून जास्त घाण तिथेच पडून राहिली. भोपाळचा ३३७ टन कचरा १९८४ नंतर ४० वर्षांनी, २०२५ साली पीथमपूरला जाळला, तोही सरकारी पैशाने. आणि तिथली माती अजून बाकीच आहे.

शैला काकू (बी-३०३): माझी लेक न्यू जर्सीत आहे. तिच्या घराजवळ अशीच जुनी कारखान्याची जागा होती. ती सांगते, तिकडे तपासणीला वेगळं अनुदान आणि सफाईला वेगळं. मोठा पैसा मागायचा तर हातात रिपोर्ट लागतो आणि रिपोर्टला पैसे नाहीत म्हणून गावं अडून बसतात, तसं होऊ नये म्हणून.

अण्णा (ए-२०१): काकू, लाखमोलाचं बोललात. आपल्याकडे आमदार निधीतून पेव्हर ब्लॉक मिळतील, बाकं मिळतील, त्यावर नावाची पाटीही येईल. माती तपासायला कुणी पैसे देत नाही, कारण तिथे पाटी लावता येत नाही.

ए-५०२: एक विनंती. हे सगळं ग्रुपवर लिहू नका. मी फ्लॅट विक्रीला काढलाय. कुणी स्क्रीनशॉट फिरवला तर गिऱ्हाईक येईल का? आणि ती जागा सरकारी यादीत गेली तर आपल्या सगळ्यांचेच भाव पडतील.

मेधा (बी-१०२): दादा, तुमची अडचण कळते. पण माझी मुलगी त्याच भिंतीला टेकून मातीत खेळते.

ए-५०२: बाग झाली असती तर भाव वाढला असता एवढंच म्हणतोय.

सेक्रेटरी: ठरवूया. बागेचं पत्र मी तूर्त मागे घेतो. रोहिणीताई नवीन अर्ज लिहितील, एक जिल्हाधिकाऱ्यांना, एक प्रदूषण मंडळाच्या सांगली कार्यालयाला. प्रत महापालिका आयुक्तांना, तपासणी होईपर्यंत टीडीआर देऊ नका असं स्पष्ट लिहून. भिंतीचे फोटो तारखेसकट जोडू. प्लॉटमध्ये शिरून माती काढायचा अधिकार आपल्याला नाही, ते काम मंडळाचं. बोअरचं पाणी मात्र आपलं आहे, ते मान्यताप्राप्त लॅबमध्ये देऊ. अहवाल येईपर्यंत बोअर बंद.

प्रसाद (सी-४०१): गाड्या कशाने धुवायच्या?

अण्णा (ए-२०१): ओल्या फडक्याने पूस. ओपन जिमचा व्यायाम होईल.

ए-५०२: अर्जावर माझी सही धरू नका.

ॲड. रोहिणी (सी-२०३): नाही धरत. लॅबचे पैसे मात्र मेंटेनन्समधून जाणार, त्यात तुमचाही वाटा आहे.