मदत हवी आहे: गावच्या घरून काम, वीज गेली की मागोमाग नेटही जातं

सुपारीबाग

दापोली तालुक्यातल्या खेड्यातून ऑफिसचं काम चालतं. वेळ दुपारी १ ते रात्री १०, मीटिंगा सगळ्या संध्याकाळी ७ नंतर. पावसाळ्यात वीज कधी दोन तास, कधी पाच तास जाते, आणि मध्येच पापणी लवल्यासारखी येजा करते ते वेगळंच.

आत्ता घरात काय आहे: ७०० व्हीएचा (व्हीए म्हणजे इन्व्हर्टरची ताकद) जुना स्क्वेअर वेव्ह (चौकोनी लाटेची वीज देणारा) इन्व्हर्टर, १०० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची साठवण) पाच वर्षांची बॅटरी. स्थानिक केबलवाल्याचं फायबर, त्याचा ओएनयू (फायबरमधल्या प्रकाशाचं नेट करणारी घरातली पेटी) वेगळा आणि वायफाय राउटर वेगळा. दोन कंपन्यांची दोन सिमं. ६५ वॅटच्या चार्जरचा लॅपटॉप, २४ इंची मॉनिटर.

अडचणी:
१. बॅटरी जेमतेम तासभर टिकते.
२. वीज लुकलुकली की ओएनयू नि राउटर परत सुरू होतात. तीन मिनिटं नेट नाही, व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) तुटतं.
३. इन्व्हर्टर चालू असूनही अर्ध्या तासात फायबर बंद पडतं.
४. दोन-तीन तासांनी दोन्ही सिमांचं नेट जातं. सिग्नलच्या दांड्या मात्र दिसत राहतात.
५. गेल्या जूनमध्ये विजेच्या कडकडाटात राउटरचे दोन लॅन पोर्ट गेले.

घरात आई असते, म्हणून एक पंखा आणि दोन दिवेही चालायला हवेत. बजेट चाळीस हजार. आधी काय घ्यावं? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

जोडतोड

खरेदीच्या आधी क्रमांक ३ बघा, त्याला एक पैसा लागत नाही. फायबर बंद पडल्यावर ओएनयूवरचे दिवे बघून इथे लिहा.

एलओएसचा (सिग्नल हरवल्याचा) लाल दिवा लागला, तर तुमच्यापर्यंत प्रकाशच पोचत नाही. एक तर फायबर तुटलं किंवा पलीकडची, केबलवाल्याकडची ओएलटी पेटी (फायबरमधून घराघरांत प्रकाश पाठवणारी) बंद पडली. दर वेळी वीज गेल्यावर ठरावीक मिनिटांनीच असं होत असेल तर ते तुटणं नव्हे, ओएलटीची बॅटरी संपणं. पॉनचा (फायबर जोडणीचा) हिरवा दिवा स्थिर आहे आणि तरी नेट नाही, तर ओएलटी जिवंत आहे, तिच्या मागची लाइन गेली.

ओएलटी ते तुमचं घर या वाटेत विजेवर चालणारं काही नसतं. मधल्या स्प्लिटरला (एक फायबर अनेक घरांत वाटणाऱ्या) वीज लागत नाही. म्हणजे केबलवाल्याने एका ठिकाणी चांगली बॅटरी ठेवली की अख्ख्या वाडीचं नेट टिकतं. पण काही केबलवाले मध्ये खांबावरच्या डब्यात किंवा कुणाच्या पडवीत स्विच ठेवतात, आणि त्याला बॅकअप शून्य. तसं असेल तर तुमच्या घरी दहा बॅटऱ्या लावूनही उपयोग नाही.

बाराव्होल्ट

वीज आणि बॅटरीचं मी सांगतो. हिशोब वॅटमध्ये करा, "व्हीए किती" हा प्रश्न नंतरचा.

लॅपटॉपचा चार्जर ६५ वॅटचा असला तरी बॅटरी भरलेली असताना मीटिंगमध्ये ३० वॅटच्या आसपास ओढतो. मॉनिटर २२. ओएनयू नि राउटर मिळून ११ ते १५. दोन एलईडी १८. पंखा साधा असेल तर ७५, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) असेल तर ३०. बीएलडीसी धरून बेरीज ११५ वॅट.

पाच तासांचे ५७५ वॅट-तास. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर बॅटरीतून ६७५ निघतात. शिवाय इन्व्हर्टर स्वतः रिकामा असतानाही १५ वॅट खातो. एकूण साधारण ७५०. १५० एएचच्या बॅटरीत कागदावर १८०० असतात, म्हणजे पाच तासांना ४२ टक्के. बॅटरी निम्म्याच्या खाली रोज उतरत नाही, हे महत्त्वाचं. साधा पंखा ठेवलात तर तोच आकडा ५६ टक्क्यांवर जातो. तीन हजारांचा पंखा बॅटरीचं आयुष्य वाढवतो.

१५० एएच टॉल ट्युब्युलर (उंच, नळीदार पत्र्यांची शिशाची बॅटरी) आणि ९०० व्हीएचा प्युअर साइन वेव्ह (लाइटच्या विजेसारखी लाट देणारा) इन्व्हर्टर, अंदाजे २५ हजार. जुन्या स्क्वेअर वेव्हवर पंखा घूं घूं करतो आणि अडॅप्टर तापतात, तो काढाच.

बॅटरी फेकण्याआधी हायड्रोमीटरने सहाही सेलची घनता बघा. रात्रभर चार्ज करून, मग दोन-तीन तास तशीच सोडून. शंभर-दीडशे रुपयांची काचेची नळी असते, रबरी फुगा दाबून आम्ल ओढायचं नि तरंगता काटा वाचायचा. चष्मा आणि हातमोजे घालून. भरलेली ट्युब्युलर १.२४च्या आसपास दाखवते. एकच सेल बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर तो सेल मेला.

सुपारीबाग

जोडतोड, बाराव्होल्ट, मनापासून धन्यवाद. काल संध्याकाळी दोनदा वीज गेली तेव्हा बघितलं: पंचवीस मिनिटांनी एलओएस लाल. दोन्ही वेळा पंचवीसच.

घनता: पाच सेल १.२३, चौथा सेल १.१२.

लुकलुकण्यासाठी बाजारात राउटरचा छोटा यूपीएस मिळतो, "१०,००० एमएएच" लिहिलेला. तो घेऊ का? ओएनयूच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट १ अँपिअर आहे, राउटरच्या अडॅप्टरवर ९ व्होल्ट ०.८५.

बाराव्होल्ट

चौथा सेल गेला, त्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर ओतून काही होणार नाही. एक्स्चेंजमध्ये द्या, शिशाचे पैसे मिळतात.

९ व्होल्ट लिहिलंत ते बरं केलंत. दुकानात बहुतेक यूपीएस फक्त १२ व्होल्टचे असतात नि पिन दोन्हीकडे तीच बसते. ९च्या राउटरला १२ दिले तर काही राउटर सोसतात, काही पहिल्याच दिवशी जळतात. १२ आणि ९ अशी दोन स्वतंत्र आउटपुट असलेला यूपीएस मागा. पिन ५.५ बाय २.१ मिलिमीटरची की २.५ची तेही तपासा. २.१च्या खाचेत २.५ची पिन ढिली बसते आणि हात लागला की नेट जातं. अडॅप्टरवरच्या चित्रात मधला ठिपका अधिक चिन्हाला जोडलेला हवा.

१०,००० एमएएच हा आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टचा. म्हणजे ३७ वॅट-तास, रूपांतरात १५ टक्के गेले की ३१. तुमची दोन यंत्रं मिळून ११ वॅट खात असतील तर पावणेतीन तास. पण हा यूपीएस इन्व्हर्टरच्या सॉकेटलाच लावायचा आहे, त्यामुळे त्याचं काम फक्त स्विच होतानाचे काही मिलिसेकंद भरून काढणं. लहानातला लहानही पुरेल.

अजून एक: नव्या इन्व्हर्टरला मागच्या बाजूला यूपीएस मोड आणि नॉर्मल मोड असा खटका असतो. यूपीएस मोडमध्ये तो झटकन बदलतो, पण व्होल्टेज १८०च्या खाली गेलं की बॅटरीवर उडी मारतो. गावाकडे संध्याकाळी सात ते दहा व्होल्टेज पडतंच. मग वीज असूनही बॅटरी रिकामी होते आणि माणूस बॅटरीला दोष देतो. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, राउटरला छोटा यूपीएस असेल, तेव्हा खटका नॉर्मलवर ठेवा. मॉनिटर क्षणभर काळा होईल, होऊ दे.

डोंगरमाथा

क्रमांक ४. दांड्या फोन ते टॉवर एवढंच सांगतात. टॉवरच्या पाठीमागचा दुवा गेला तरी दांड्या तशाच दिसतात. दोन-तीन तासांनी दोन्ही सिमं एकदमच जात असतील तर दोन्ही कंपन्यांची यंत्रं बहुधा एकाच लोखंडी मनोऱ्यावर आहेत, आणि त्यांचा पाठीमागचा दुवाही एकच. आपल्याकडे मनोरे भागीदारीत वापरणं नेहमीचं आहे. तेव्हा त्याच मनोऱ्यावरचं तिसरं सिम घेऊनही तेच होईल.

दूरसंचार विभागाच्या तरंग संचार संकेतस्थळावर नकाशात मनोरे आणि त्यांवरच्या कंपन्या दिसतात. तुमच्या मनोऱ्याखेरीज दुसरा कुठला जवळ आहे, त्यावर कोण आहे, ते बघा. तालुक्याच्या गावाकडचा असेल तर उत्तम.

मग त्याच्याकडे तोंड करून बाहेर दिशादर्शक अँटेना. दोन लागतात, एकीने वेग बराच कमी होतो. इथे सगळे एकच चूक करतात: अँटेना कौलावर, राउटर खाली खोलीत, मध्ये दहा मीटर आरजी-५८ ही बारीक अँटेना केबल. १८०० मेगाहर्ट्झवर एवढ्या लांबीत सात-आठ डेसिबल गळतात, म्हणजे अँटेनाची कमाई तिथेच संपली. बाहेरच लावायचा ४जी राउटर घ्या, अँटेना त्याला मीटरभर केबलने जोडा आणि खाली लॅन केबल आणा. लॅन शंभर मीटरपर्यंत बिनतक्रार जाते, वीजही त्याच केबलमधून चढते.

राउटरच्या पानावर आरएसआरपी (सिग्नलची ताकद) उणे १००पेक्षा वर आणि एसआयएनआर (सिग्नलचा स्वच्छपणा) १०पेक्षा जास्त मिळेपर्यंत अँटेना पाच-पाच अंश फिरवा. दूरच्या मनोऱ्यावरून २३०० मेगाहर्ट्झचा बँड ४० नीट पोचत नाही. बँड ५ किंवा ८ (कमी मेगाहर्ट्झचे) निवडून ठेवा, वेग कमी पण टिकतो.

बाजारात "सिग्नल बूस्टर" म्हणून पेटी मिळते ती घेऊ नका. परवान्याशिवाय लावणं बेकायदा आहे, आणि आजूबाजूच्या सगळ्यांचं नेटवर्क बिघडवते.

पागोळी

बाहेर अँटेना म्हणजे आकाशातल्या विजेला आमंत्रण, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

लॅन पोर्ट जळतात ते बहुतेकदा लांब तांब्याच्या केबलमध्ये उठणाऱ्या झटक्याने. फायबरची काच वीज वाहत नाही, पण बाहेरच्या काळ्या ड्रॉप केबलमध्ये आधाराला पोलादी तार असते. ती घराबाहेरच खुंटीला बांधून कापून टाकायला सांगा, आत ओएनयूपर्यंत आणू देऊ नका.

मीटरपाशी टाइप २ सर्ज संरक्षक (व्होल्टेजचा झटका जमिनीत वळवणारा) बसवा. पण अर्थिंग नीट नसेल तर तो नुसता शोभेचा. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांमधलं व्होल्टेज मोजून घ्या, दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर खड्डा नव्याने भरा. जांभ्यात उन्हाळ्यात ओल राहत नाही, पावसाळ्यात मोजलेला आकडा एप्रिलमध्ये खोटा ठरतो.

दुसरं, याच्याकडे कुणी बघत नाही: फांदी पडून न्यूट्रल तुटला तर घरात २३०च्या जागी ४००च्या जवळ व्होल्टेज येऊ शकतं, आणि ते मिनिटभरही टिकतं. सर्ज संरक्षक मायक्रोसेकंदाच्या झटक्यासाठी असतो, यात तो स्वतःच जळतो. त्यासाठी ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले (व्होल्टेज हद्दीबाहेर गेलं की वीज तोडणारा) वेगळा. वर २७०, खाली १७० लावा, परत जोडायला तीन मिनिटं. दोन्ही मिळून मजुरीसकट चार-पाच हजार.

आणि कडकडाट सुरू झाला की बाहेरून आलेली लॅन हाताने उपटा. याला पर्याय नाही.

घाटवाट

सोलार आणि लिथियम का कुणी सुचवत नाही? शिशाची बॅटरी आता कालबाह्य आहे.

बाराव्होल्ट

सोलार: वीज जाते आषाढात, ऊन असतं एप्रिलात. वर्षभराचं बिल कमी करायचं असेल तर वेगळा धागा काढा.

लिथियमचं म्हणणं मात्र अर्धं बरोबर आहे. १५० एएचची शिशाची बॅटरी रिकामी झाली तर भरायला दहा-बारा तास लागतात. वीज दोन तास येऊन परत जात असेल तर ती कधीच पूर्ण भरत नाही, पत्र्यांवर सल्फेट धरतं नि दोन वर्षांत बसते. लिथियम फॉस्फेट योग्य चार्जरवर तीन-चार तासांत भरते. १०० एएचची १२.८ व्होल्टची घेतलीत तर १२८०पैकी हजारभर वॅट-तास निर्धास्त वापरता येतात. पण इन्व्हर्टरला लिथियमचं सेटिंग हवं, आणि तुमचं सगळं बजेट त्यातच जाईल. धागाकर्त्यांनी दहा दिवस वहीत लिहावं, वीज कधी गेली, कधी आली. मधला वेळ सहसा आठ तासांच्या वर असेल तर शिशाचीच घ्या.

३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर तुमच्याच भागात वीज कित्येक दिवस नव्हती. तेवढ्याला कुठलीच बॅटरी पुरत नाही. त्यासाठी पुण्या-मुंबईत कुणाकडे तरी टेबल राखून ठेवा.

जोडतोड

व्हीपीएनबद्दल. फायबरवरून ४जीवर गेलात की तुमचा आयपी बदलतो, म्हणून दोन लाइन सांभाळणारा राउटर घेतला तरी चालू मीटिंग एकदा तुटणारच. त्या राउटरवर पैसे घालू नका. मीटिंगला फोनवरून आवाजी डायल-इन करून ठेवा, लॅपटॉपवर फक्त पडदा.

मोबाइल नेटवर व्हीपीएन जोडलं जातं पण आतली पानं उघडत नाहीत असं झालं, तर एमटीयू (एका पाकिटात जाणाऱ्या डेटाची मर्यादा) १३५० करून बघा.

डेटा: व्हिडिओ चालू ठेवून एक तासाची गट-मीटिंग एक ते दीड जीबी खाते, नुसत्या आवाजाला शंभर एमबीही लागत नाहीत. रोज २ जीबीच्या पॅकवर कॅमेरा बंदच.

सुपारीबाग

केबलवाल्याशी बोलणं झालं. ओएलटी त्याच्या दुकानात आहे, तिला संगणकाचा ६०० व्हीएचा यूपीएस आहे, आतली बॅटरी ७ एएचची. म्हणून पंचवीस मिनिटं. वाडीतली आम्ही सहा घरं मिळून त्याला इन्व्हर्टर नि मोठी बॅटरी घेऊन देतोय, तो दोन महिन्यांचं बिल सोडतोय.

तरंग संचारवर दुसरा मनोरा दिसला, साडेचार किलोमीटरवर, मध्ये टेकडी नाही. वही आजपासून. आधी अर्थिंग, रिले, छोटा यूपीएस. बॅटरी दहा दिवसांनी ठरवतो.

शेवटचा प्रश्न: बाहेरची लॅन भिंतीतून आत घेताना काय काळजी घ्यायची?

पागोळी

भोक आतून बाहेर उतरतं पाडा, सपाट नको. केबल भोकाच्या खाली वीतभर झोळ देऊन मग वर चढवून आत घ्या, म्हणजे पाणी झोळाच्या टोकावरून गळून जातं. झोळ नसेल तर पाणी केबलच्या अंगाने थेट पोर्टात येतं नि आतल्या आठ धातूच्या पत्त्या हिरव्या पडतात. उरलेली फट सिलिकॉनने बुजवा, मुंग्यांसाठी.