‘प्रक्षोभक’, ‘खळबळजनक’ की आणखी काही?

प्रश्न : ट्रेसी एमिन या ब्रिटिश कलावतीच्या कामाला सरसकट ‘प्रक्षोभक’ म्हटले जाते. हे विशेषण योग्य आहे का?

उत्तर : ‘क्षुभ्’ धातूचा मूळ अर्थ ढवळून निघणे असा असला, तरी मराठीत ‘प्रक्षोभ’ जमावाच्या संतापाशी कायमचा जोडला गेला आहे. लंडनच्या रॉयल अकॅडमीत १९९७ साली भरलेल्या ‘सेन्सेशन’ प्रदर्शनात मार्कस हार्वी यांनी मायरा हिंडली या बालहत्यारीचे चित्र लहान मुलाच्या हाताच्या ठशांनी साकारले होते, आणि संतापलेल्या लोकांनी त्यावर शाई व अंडी फेकली; तिथे ‘प्रक्षोभक’ चपखल बसतो. ‘चिथावणीखोर’ भाषणालाच शोभतो, कारण त्यातला ‘खोर’ हेतूवर आधीच शिक्का मारून मोकळा होतो.

त्याच प्रदर्शनात एमिनचा तंबू होता. ‘१९६३ ते १९९५ या काळात मी ज्या ज्या कोणाबरोबर झोपले’ अशा आशयाचे त्याचे शीर्षक वाचून चाळवलेला प्रेक्षक वाकून आत डोकावला, की कापडी अक्षरांत शिवलेल्या १०२ नावांत त्याला तिची आजी आणि जुळा भाऊही भेटत. इंग्रजी क्रियापदाचा दुहेरी अर्थ हाच इथला सापळा आहे. मराठीत आपण आजीच्या कुशीत झोपतो, ‘आजीबरोबर झोपलो’ असे सहसा म्हणत नाही, म्हणून भाषांतरात हा सापळा निम्मा निकामी होतो. (२००४ साली गोदामाला लागलेल्या आगीत तंबू जळाला.) प्रेक्षकाच्याच मनातला आंबटशौक त्याला दाखवणाऱ्या या कृतीला मी ‘डिवचणारी’ म्हणेन.

‘खळबळजनक’ मात्र टाळावा. वर्तमानपत्रांची खळबळ आठवडाभर टिकते. एमिनने २००७ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात ब्रिटनचे प्रतिनिधित्व केले, २०११ साली ती रॉयल अकॅडमीत रेखाटनाची प्राध्यापक झाली आणि २०२४ साली तिला ‘डेम’ हा किताब मिळाला.

प्रतिसाद : तंबूपुरते मान्य. पण ‘माय बेड’ (१९९८) मध्ये डागाळलेली चादर, व्होडकाच्या रिकाम्या बाटल्या, सिगारेटची थोटके आणि सपाता असा नैराश्याच्या दिवसांतला स्वतःचा बिछाना तिने जसाच्या तसा मांडला. डिवचायला समोर कोणी असावे लागते, आणि इथे तर तिने स्वतःचीच लाज उघडी केली आहे. बिछान्यासाठी ‘बोचरा’ कसा वाटतो?