छातीत धडधड, बोटांना मुंग्या: हा पॅनिक अटॅक का?

प्रश्न: काल लिफ्टमध्ये अचानक छाती धडधडायला लागली, घाम फुटला, बोटांना मुंग्या. वाटलं, संपलं सगळं! थोड्या वेळाने ओसरलं. ईसीजी नॉर्मल आला. मग हे होतं तरी काय?

उत्तर १: पॅनिक अटॅकच वाटतोय. मलाही यायचे. साधारण १० मिनिटांत टोकाला जातो, मग उतरतो. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, म्हणून मुंग्या. हे कळल्यावर माझी निम्मी भीती गेली. आता सावकाश श्वास सोडत समोरच्याच्या शर्टाची बटणं मोजते. (हसू नका.)

उत्तर २: थायरॉइडही तपासा. माझं तेच निघालं.

प्रश्नकर्ता: लिफ्ट टाळू का? आज सहा मजले चढून आलो.

उत्तर १: नका टाळू. मी आधी बस सोडली, मग दुकानं, मग उंबरा ओलांडणंच. सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी मानसोपचार पद्धत) घेतल्यावर परत बसमध्ये चढले.