१२५ सीसी स्कूटर: एअर फिल्टरचा बॉक्स ठेवू की कोन फिल्टर (बॉक्सशिवाय उघडा बसणारा शंकूसारखा फिल्टर) लावू?

गिअरलेस:
फोर-स्ट्रोक, सीव्ही कार्ब्युरेटर (हवेच्या दाबावर स्लाइड उचलणारा), इंजिन पूर्ण स्टॉक (कंपनीचं जसंच्या तसं). फिल्टरचा बॉक्स तडकलाय. नवीन घेऊ की सरळ कोन चढवू? जेट (कार्ब्युरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा छिद्राचा भाग) बदलावा लागेल का?

पाना१०:
स्टॉक इंजिनला बॉक्सच बरा. तो नुसती धूळ अडवत नाही, कार्ब्युरेटरला स्थिर दाबाची हवा देतो. सीव्हीची स्लाइड (आतली वरखाली सरकणारी झडप) दाबाच्या फरकावर उचलली जाते. उघड्या कोनावर वाऱ्याचे झोत आले की ती अडखळते आणि अर्ध्या थ्रॉटलला गाडी गचके खाते. शिवाय हवा वाढते, पेट्रोल तेवढंच राहतं. मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होऊन इंजिनचं हेड तापतं, थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमध्ये फटाके.

तरी हौस असेलच तर कार्ब्युरेटरच्या तोंडाचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजून कोन घ्या. तोंडाच्या कडेला हवेची बारीक छिद्रं असतात, कोनाच्या रबराने ती झाकली तर कुठलाही जेट टाका, ट्यूनिंग बसणार नाही. मेन जेट (मोठ्या थ्रॉटलला पेट्रोल देणारा) एकेक नंबरने वाढवा. दर वेळी इंजिन गरम करून, पूर्ण थ्रॉटलवर चढाला ओढा, तिथेच इंजिन बंद करून स्पार्क प्लग बघा: पांढरा म्हणजे लीन, फिका तपकिरी बरोबर, काजळी धरली तर एक नंबर मागे या. क्रँककेसची ब्रीदर नळी (इंजिनच्या खालच्या भागातला दाब बाहेर सोडणारी) बॉक्सला जोडलेली असते. तिला छोटा ब्रीदर फिल्टर लावा. बूच मारलंत तर दाबाने सील तेल गाळायला लागतील.

धूरकांडी:
जेटला हात लावण्याआधी कार्ब्युरेटर आणि इंजिनमधला रबरी मॅनिफोल्ड तपासा. आयडलवर (थ्रॉटल न देता इंजिन चालू ठेवून) सांध्याभोवती थोडा कार्ब क्लीनर मारा. आरपीएम बदलले तर तिथून हवा ओढतेय, मग जेट वाढवून उपयोग शून्य.

गिअरलेस:
आतला फिल्टर फोमचा आहे, धुतला तर चालेल? आणि तडा बुजवता येईल का?

पाना१०:
फोम कोमट साबणाच्या पाण्यात धुवा. पिळू नका, दाबा. पेट्रोलमध्ये तर नकोच, चिकटवलेला जोड सुटतो. पूर्ण वाळल्यावर फिल्टर ऑइल लावून जास्तीचं दाबून काढा. (तेल लावलेला कागदी फिल्टर असता तर धुणं नाही, हवा मारणंही नाही, थेट बदली.)

तडा फिल्टरच्या आधी, बाहेरच्या बाजूला असेल तर इपॉक्सी चालेल. फिल्टर आणि कार्ब्युरेटरच्या मधे असेल तर धूळ न गाळता सिलिंडरमध्ये जाते आणि पिस्टनच्या रिंगा घासतात. तिथे बॉक्स बदलाच.