जुन्या सन सर्व्हरची घड्याळ-चिप बदलताना होस्ट आयडी कसा परत मिळवावा?

प्रश्न (रत्नागिरी)

मिरकरवाडा बंदराजवळ होड्यांचे आराखडे करून देण्याचे आमचे लहानसे कार्यालय आहे. तेथे सन कंपनीचा स्पार्कसर्व्हर २० आजही वापरात आहे, कारण सांगाड्याच्या रेषा आखणारे आमचे सॉफ्टवेअर त्याच यंत्राच्या होस्ट आयडीवर (यंत्राच्या ओळख-क्रमांकावर) दिलेल्या परवान्याने उघडते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात नव्या आराखड्यांची कामे नसतात, म्हणून यंत्र बंद होते. नारळी पौर्णिमेनंतर सुरू केले, तेव्हा यंत्राच्या ओळखीची माहिती अवैध असल्याचा संदेश आला आणि इथरनेट पत्त्याच्या जागी सगळीकडे ‘एफएफ’ दिसू लागले. यंत्राची ओळख आणि घड्याळ सांभाळणाऱ्या एम४८टी०८ या चिपमधील सेल संपला असावा. नवी चिप मिळू शकते. परंतु जुन्या चिपवरील पट्टी दमट हवेने केव्हाच गळून पडली आहे आणि होस्ट आयडी आम्ही कोठेही लिहून ठेवलेला नाही. अशा स्थितीत परवाना वाचवता येईल काय?

उत्तर (सावंतवाडी)

वाचवता येईल, आणि त्यासाठी लागणारा आकडा बहुधा आपल्याच डिस्कवर आहे. परवान्याच्या फाइलमध्ये सर्व्हरच्या ओळीत यंत्राच्या नावापुढे आठ अंकाक्षरांचा होस्ट आयडी लिहिलेला असतो. आपल्या यंत्रात त्याची सुरुवात ७२ ने व्हावी. चिप रिकामी असली तरी पडद्यावर आज्ञेची वाट पाहणाऱ्या ‘ओके’ या खुणेपाशी डिस्कचे नाव देऊन यंत्र सुरू करता येते. तेव्हा चिपला हात लावण्यापूर्वी ती फाइल वाचून आकडा कागदावर उतरवून घ्या.

चिप सॉकेटमध्ये बसवलेली असते, त्यामुळे डाग देण्याची गरज नाही. मात्र खाऱ्या हवेने सॉकेटच्या पट्ट्यांवर हिरवट थर बसला असेल, तर तो आधी साफ करावा. खाच जुन्या चिपच्याच दिशेला ठेवा. नवी चिप बसवल्यावर प्रथम ‘सेट-डिफॉल्ट्स’ ही आज्ञा द्यावी, नाहीतर यंत्र डिस्क सोडून नेटवर्कवरून सुरू होण्याचा प्रयत्न करत बसते.

पुढचे काम चिपमध्ये एकेक बाइट लिहिणाऱ्या ‘एमकेपी’ या आज्ञेचे आहे. ओळखीचे एकूण सोळा बाइट असतात: पहिला मांडणीचा, दुसरा यंत्रप्रकाराचा, नंतर सहा इथरनेट पत्त्याचे, चार निर्मितीच्या तारखेचे, तीन अनुक्रमांकाचे, आणि शेवटचा पडताळणीचा, जो आधीच्या पंधरांचा एक्स-ऑर (बिट ताडून, वेगळे असतील तेथे १ आणि सारखे असतील तेथे ० मांडण्याची क्रिया) करून मिळतो. यंत्रप्रकाराचा बाइट आणि अनुक्रमांकाचे तीन बाइट जोडले की होस्ट आयडी तयार होतो. म्हणून आपल्याला मूळचे हवेत ते हे चारच. तारखेच्या जागी शून्ये चालतात. इथरनेट पत्त्याचे पहिले तीन बाइट ०८, ००, २० ठेवा, आणि उरलेल्या तिन्हींच्या जागी अनुक्रमांकाचेच घातले तरी चालते, फक्त तो पत्ता आपल्या जाळ्यातील दुसऱ्या यंत्राचा नसावा. पडताळणीचा बाइट चुकला तर सुरुवातीचा तोच संदेश पुन्हा दिसेल.

उत्तर (मालवण)

नवी म्हणून विकली जाणारी चिप अनेकदा जुन्या साठ्यातली असते, आणि आतला सेल दहा वर्षांच्या हिशेबाने घातलेला असल्याने तो कपाटातच म्हातारा झालेला असतो. या कारणाने मी जुन्याच चिपची टोपी घासून आतील सेलची जोडणी तोडतो आणि सीआर २०३२ चा धारक बाहेरून जोडतो. जोडणी पूर्ण तोडणे आवश्यक आहे, नाहीतर मेलेला सेल नव्यालाही ओढून नेतो. घासताना मुखपट्टी लावावी. यानेही माहिती परत येत नाही, ती वरीलप्रमाणे लिहावीच लागते.

उत्तर (सावंतवाडी)

युक्ती चांगली आहे, पण किनाऱ्यावर उघडा धारक दोन पावसाळ्यांत गंजतो. धारकाचे सांधे वार्निशने झाकावे आणि सेल बदलण्यापुरती जागा मोकळी ठेवावी.

प्रश्नकर्ता (रत्नागिरी)

परवान्याच्या फाइलमध्ये आकडा मिळाला आणि तो खरोखर ७२ नेच सुरू होतो. नवी चिप बसवून बाइट लिहिले. दुसऱ्या प्रयत्नात पडताळणी जुळली आणि सॉफ्टवेअर उघडले. मात्र घड्याळ एकाच वेळेवर थांबले आहे. ही चिप सदोष समजावी काय?

उत्तर (मालवण)

नाही. सेल खर्ची पडू नये म्हणून कारखान्यातून या चिपचे घड्याळ थांबवूनच पाठवतात. सोलारिसमध्ये (सनच्या कार्यप्रणालीत) एकदा तारीख लावा, सहसा तेवढ्याने ते चालू लागते. आणि ते सोळा बाइट आता खोक्याच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, कागदाच्या पट्टीवर मात्र नको.